नानांच्या हरवलेल्या अठरा दिवसांची वही

पत्र:

‘सिस्टर, माझे वडील ६३ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं चालक होते, बहुतेक कऱ्हाड–चिपळूण गाडीवर. जूनमध्ये न्यूमोनिया झाला आणि त्याचं सेप्सिस झालं, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीरच बिघडलं. अठरा दिवस आयसीयूत होते, त्यातले अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन अडीच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण नाना पहिले राहिले नाहीत. पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरतो, तीन पायऱ्या चढले की बसतात. काल सांगितलेलं आज आठवत नाही. रात्री ओरडत उठतात, “गाडी घाटात सुटलीय, मला सोडवा.” म्हणतात, दवाखान्यात मला सीटला बांधून ठेवलं होतं आणि एक बाई गळ्यात दोर घालून ओढायची. आईवर चिडतात, “तुम्हीच मला त्यांच्या ताब्यात दिलंत.” कागदावर सही तर मी केली होती. शेजारच्या काकू म्हणतात लागीर झालंय, देवऋषाला दाखवा. भाऊ म्हणतो, मानसोपचारवाल्याकडे नेलं तर चारचौघांत नाव होईल. नाना वेडे झालेत का? आमचं काही चुकलं का? – एक लेक, कऱ्हाड’

प्रिय ताई,

नाना वेडे झालेले नाहीत. हे आधी आईला सांगा, मग पुढचं वाचा.

मी सत्तावीस वर्षं आयसीयूत नर्स होते. शेवटची काही वर्षं घरी गेलेल्या पेशंटना फोन करून विचारपूस करत असे. नाना सांगतात तशा गोष्टी मी त्या फोनवर शेकड्यांनी ऐकल्या. कुणी म्हणायचं, मला जहाजात कोंडलं होतं. कुणाला वाटायचं, रात्रपाळीच्या नर्सेस माणसं मारतात आणि सकाळी गादी बदलतात. चांगली शिकलेली, हिशेबी माणसं. त्यांनी हे घरात कुणालाच सांगितलेलं नसायचं, कारण लोक आपल्याला वेडा म्हणतील ही भीती. तुमचे नाना बोलतात, ओरडतात. मला त्यात धोक्यापेक्षा आशा जास्त दिसते.

आपल्या आज्या म्हणायच्या ना, ‘तापात वात झालाय, बरळतोय’? तेच हे. डॉक्टरी भाषेत डिलिरियम. जंतुसंसर्गाने सगळं शरीर पेटलेलं, प्राणवायू कमी, गुंगीची औषधं, रात्रंदिवस जळणारे दिवे, सलग तासभरही झोप नाही. अशा वेळी मेंदूचं भान सुटतं. अमेरिकेत नॅशव्हिलला अशा ८२१ गंभीर पेशंटचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. चारांतल्या जवळजवळ तिघांना दवाखान्यात असताना डिलिरियम झाला होता. दंगा करणारा पेशंट लगेच लक्षात येतो. पण बरेचसे पेशंट डोळे मिटून गप्प पडलेले असतात आणि बाहेर नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘शांत झोपलेत.’ आत त्यांची गाडी घाटात सुटलेली असते.

आता नानांचं स्वप्न घ्या. त्यात खोटं फार थोडं आहे. आयसीयूच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे असतात. खाली एअर बेड असेल तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तो आळीपाळीने फुगतो आणि बसतो, अंगाखाली सारखं काहीतरी हलत राहतं. दर दोन तासांनी पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात. यंत्रं सतत पिपाणीसारखी वाजतात. ज्या माणसाने आयुष्य कुंभार्ली घाटात स्टिअरिंग धरून काढलं, त्याच्या गुंगलेल्या मेंदूने या सगळ्याची काय गाडी बनवली असेल? वळणं, हॉर्न, हेलकावे, आणि चालक जागेवर नाही. बांधलं होतं हेही बहुधा खरंच. श्वासनळीतली नळी गुंगीत ओढून काढू नये म्हणून मनगटं पट्टीने पलंगाला बांधतात. आणि गळ्यातला दोर म्हणजे सक्शन. छातीतला कफ काढायला त्या नळीतून दुसरी बारीक नळी आत घालावी लागते. तेव्हा घुसमटल्यासारखं होतं, ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. दिवसातून किती वेळा ते करायचो आम्ही! दोर ओढणारी ती बाई म्हणजे माझ्यासारखीच कुणी नर्स.

मी स्वतः असे हात बांधले आहेत. नव्वदच्या दशकात एक शाळामास्तर आमच्याकडे बारा दिवस होते. नळी निघाल्यावर ते माझ्या हातून पाणी घेईनात. मी जवळ गेले की तोंड भिंतीकडे. मला फार लागलं ते, कारण त्यांच्यासाठी मी जेवण सोडून धावले होते. वर्षभराने ते भेटायला आले आणि म्हणाले, ‘तुम्ही मला विहिरीत बुडवत होतात, मला अजून दिसतं.’ सक्शनच्या आधी नळीत थोडं सलाइन सोडायची पद्धत होती तेव्हा. मी त्यांना आत नेलं, ती नळी दाखवली, सलाइनची सिरिंज दाखवली. ते पलंगाच्या कडेवर बसून बराच वेळ त्या सिरिंजकडे बघत राहिले. आधी सांगायला हवं होतं, कुणीतरी, त्याच आठवड्यात. आम्हाला ते सुचलंच नाही. जीव वाचला की आमचं काम संपलं, असंच आम्हाला शिकवलेलं होतं.

खरं तर आयसीयूची सुरुवात अशी नव्हती. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास थांबलेली मुलं रोज दाखल होऊ लागली. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून नळीवाटे पिशवीने हवा देण्याचा उपाय केला. पिशवी दाबायला यंत्र नव्हतं, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून उशाशी बसले. रुग्ण जागे असत. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत, खेळ खेळत. पुढे यंत्रं आली, गुंगीची औषधं आली, आणि पेशंटला गाढ झोपवून ठेवणं म्हणजेच दया असं आम्ही धरून चाललो. २००० मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी रोज सकाळी गुंगी थांबवून पेशंटला जागं करून बघितलं, तर व्हेंटिलेटर दोन दिवसांहून लवकर सुटला. तिथून वारं फिरलं. आता चांगल्या आयसीयूत कमीत कमी गुंगी देतात, रोज भान तपासतात, जमेल तितक्या लवकर बसवतात, घरच्यांना आत येऊ देतात. डिलिरियमवर हमखास गोळी मात्र अजून नाही. हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं औषध आम्ही वर्षानुवर्षं दिलं. २०१८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्याने डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. ओळखीचा आवाज, चष्मा, कानातलं यंत्र, रात्रीचा अंधार, ‘आज मंगळवार आहे, तुम्ही कऱ्हाडला आहात’ असं पुन्हा पुन्हा सांगणं, हेच उपाय अजून पुढे आहेत.

‘रिपोर्ट नॉर्मल’ याबद्दल. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, फक्त रक्ताच्या रिपोर्टात मांडीचा स्नायू दिसत नाही. लंडनमध्ये गंभीर पेशंटच्या मांडीची सोनोग्राफी करून मोजलं, तेव्हा पहिल्या दहाच दिवसांत स्नायूचा आकार १७ ते १८ टक्क्यांनी घटलेला निघाला. नाना अठरा दिवस होते. टोरांटोत फुफ्फुसं निकामी होऊन वाचलेल्या १०९ माणसांचा वर्षभर मागोवा घेतला होता, २००३ चा अभ्यास आहे. फुफ्फुसं सहा महिन्यांत बरीचशी सावरली, पण वर्षानेही माणसं लवकर थकत होती, आणि त्याला कारण स्नायू. नोकरीवर निम्मीच परतली होती, तीही नानांहून बरीच तरुण. म्हणून तांब्या थरथरतो त्याला आळस म्हणू नका, नानांनाही म्हणू देऊ नका. विसरण्याचंही तसंच. नॅशव्हिलच्याच अभ्यासात वर्ष उलटल्यावरही तिघांतल्या एकाची स्मरणशक्ती आणि विचाराचा वेग स्पष्ट कमी होता. या सगळ्याला मिळून ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’, म्हणजे आयसीयूनंतर मागे राहणारा त्रास, असं नाव आहे. २०१० च्या एका बैठकीत तज्ज्ञांनी ते ठरवलं, म्हणजे नाव तसं नवीनच. शरीर, बुद्धी, मन, तिन्हीवर आजाराचा माग राहतो.

आता करायचं काय.

एक दोनशे पानी वही आणा. नानांच्या आयुष्यातले अठरा दिवस हरवलेत आणि त्या रिकाम्या जागेत तो घाट येऊन बसलाय. ती जागा खऱ्या गोष्टीने भरायची. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथल्या नर्सेसनी हे फार आधी सुरू केलं: बेशुद्ध पेशंटच्या नावाने रोज दोन ओळी लिहायच्या आणि बरा झाल्यावर ती वही त्याला द्यायची. युरोपातल्या सहा देशांत मिळून ३५२ पेशंटवर याची चाचणी झाली; वही मिळालेल्यांत मानसिक आघाताचा आजार नव्याने जडण्याचं प्रमाण ५ टक्के राहिलं, न मिळालेल्यांत १३. नंतर फ्रान्समध्ये २०१९ साली याहून मोठी चाचणी झाली, तिच्यात असा फरक दिसला नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. तरी मी वहीच सुचवते. माणसाला स्वतःची गोष्ट कळण्याचा त्याचा हक्क आहे आणि ती सांगायला तुमच्याइतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं.

तुम्ही तेव्हा वही ठेवली नव्हती, काही बिघडत नाही. तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर जा. ‘आज ताप उतरला’, ‘ऑक्सिजन थोडा कमी केलाय’, ‘काकांना बघून डोळे उघडले’ असं कुणी ना कुणी रोज टाकलेलं असणार. त्याला तारखा आणि वेळाही आहेत. डिस्चार्ज कार्ड जोडीला घ्या, त्यात नळी कधी घातली, कधी काढली ते मिळेल. मामा कधी भेटून गेले, आई कुठल्या बाकड्यावर झोपायची, त्या दिवशी पाऊस किती होता, कोयनेचं पाणी कुठवर आलं होतं, सगळं लिहा. औषधांची नावं थोडी, माणसांची जास्त. नळ्या लावलेले फोटो मोबाइलमध्ये असतील तर ते बाजूला ठेवा. नानांनी मागितले तरच दाखवा, तेही दिवसा, तुम्ही शेजारी असताना. वाचून दाखवायची घाई करू नका. वही तयार आहे एवढं सांगा. काहीजण त्याच दिवशी मागतात, काहीजण चार महिन्यांनी.

आणि रात्री ते ओरडत उठले की वाद घालू नका. ‘असं काही झालंच नव्हतं’ हे वाक्य घरातून काढून टाका. ते त्यांना दिसलंय, मनगटाला लागलंय. दिवा लावा, आपलं नाव सांगा, ‘नाना, घर आहे हे, कऱ्हाड. हात बांधले होते हे खरं आहे. का बांधले ते सकाळी सांगते.’ आणि सकाळी आठवणीने सांगा.

त्याच आयसीयूच्या डॉक्टरांना अर्ध्या तासाची वेळ मागा. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की आयसीयूतून सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी पेशंटला पुन्हा बोलावून शरीर आणि मन दोन्ही तपासावं. नाना नेमके त्याच टप्प्यावर आहेत. आपल्याकडे त्यासाठी वेगळी ओपीडी फार थोड्या ठिकाणी असते, म्हणून मागावं लागेल. परवानगी मिळाली आणि नानांची तयारी असली तर ती खोलीही त्यांना दाखवा, दुपारच्या उजेडात. दाराशी जाऊन परत फिरले तरी हरकत नाही.

जाताना गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि एकेक गोळी दाखवून विचारा, ही कशासाठी आणि कधीपर्यंत? आयसीयूत झोपेसाठी किंवा भ्रमासाठी सुरू केलेल्या गोळ्या पुष्कळदा चिठ्ठीवरून चिठ्ठीवर पुढे चालत राहतात आणि दिवसभराची गुंगी, विसरभोळेपणा त्यांच्यामुळेही असू शकतो. मनाने मात्र एकही बंद करू नका.

व्यायाम फिजिओथेरपिस्टला दाखवूनच ठरवा. सुरुवात अगदी साधी असते: हात असलेल्या भक्कम खुर्चीतून उठायचं, बसायचं, जमेल तितक्या वेळा, आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा. नाना किलोमीटर मोजत जगलेले आहेत, त्यांना आकडा आवडेल. एका दिवशी फार केलं की पुढचे दोन दिवस झोपून काढावे लागतात, तेव्हा थोडं आणि रोज. जेवणात अंडी, दही, मटकी, डाळ वाढवा. मूत्रपिंडाला त्रास झाला असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टरांना विचारून. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, नळीनंतर गिळण्याचे स्नायू कच्चे राहतात. केस पुंजक्याने गळत असतील तर घाबरू नका, मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी तसं होतं आणि ते पुन्हा येतात.

गाडीची चावी तूर्त तुमच्याकडे ठेवा. एसटी चालकाला हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. ‘डॉक्टरांनी पास करेपर्यंत’ असं म्हणा. फिटनेस सर्टिफिकेट लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

भावाला सांगा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. ते घाटाचं स्वप्न अडीच महिने टिकलंय, त्यावर उपचार आहेत, आणि पाय मोडला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जाताना गावाला विचारत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. मात्र नाना ‘जगून काय उपयोग’ असं म्हणू लागले, खाणंपिणं सोडलं, किंवा आज ठीक होते आणि उद्या अचानक माणसं ओळखेनात, ताप आला, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या वयात अचानक आलेला भ्रम हे नव्या जंतुसंसर्गाचंही पहिलं लक्षण असू शकतं.

काकूंशी भांडू नका. त्या जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्यांतल्या असतील, उद्याही लागतील. ‘काकू, नानांना वात झाला होता, तो उतरतोय’ असं त्यांच्या शब्दांत सांगा, त्यांना पटेल. पण देवऋषाकडे नेऊ नका. धूर, धाक, अंगावर ओरडणं, हात धरून ठेवणं, यातलं काहीही नानांना थेट त्या पलंगावर परत नेईल.

राहिली तुमची सही. ताई, तुम्ही ती सही केलीत तेव्हा नानांना श्वास पुरत नव्हता. तुमच्या हातात कागद दिला गेला, समजावून सांगायला कुणाला वेळ झाला की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही वडिलांना श्वास मिळावा म्हणून सही केलीत आणि तो मिळाला. नाना रागावतात ते त्या बांधलेल्या माणसाच्या बाजूने. त्यांना पूर्ण गोष्ट कळलेली नाही. तुम्हालाही झोप लागत नसेल, फोन वाजला की छातीत धस्स होत असेल, तर तेही याच आजाराचं आहे. घरच्यांना होणाऱ्या या त्रासालाही तज्ज्ञांनी तेच नाव दिलंय, मागे ‘कुटुंबाचा’ एवढा शब्द जोडून. डॉक्टरांकडे तुमची आणि आईची पाळीही लावा.

नाना पूर्वीसारखे होतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षात होते, नाना त्यातले अडीच महिनेच पुढे आलेत. थोडी धाप, थोडा विसर राहूही शकतो. दर महिन्याला एकाच तारखेला बघा, किती पायऱ्या झाल्या. रोज बघितलं तर काहीच हलत नाही असं वाटेल.

वहीचं पहिलं पान अवघड जातं, म्हणून नमुना देते. तुमच्या तारखा, तुमचे शब्द घाला:

‘नाना, आज तुम्हाला आयसीयूत घेतलं. तुम्हाला धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. मी सही केली. तुम्ही माझा हात घट्ट धरला होता, नंतर औषधाने सैल झाला. नळी निघू नये म्हणून तुमचे हात मऊ पट्टीने बांधलेत, सिस्टरने मला विचारून बांधले. आई बाहेर बसलीय. पाऊस थांबत नाही. उद्या पुन्हा येते.’

शेवटची काही पानं कोरी ठेवा आणि वहीला पेन बांधून द्या. नानांना त्यांच्या बाजूचं लिहायचं असेल. हात थरथरला तर ते सांगतील आणि तुम्ही लिहा, घाटासकट.

तुमची,
सिस्टर